सांगलीत अमूर्त चित्रांचं पहिलं एकल प्रदर्शन भरवताना

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात, मिरज तंतुवाद्यांचं गाव. नाटकाचा आणि गाण्याचा प्रेक्षक इथे पिढ्यान्‌पिढ्या तयार आहे. चित्रांच्या बाबतीत मात्र इथल्या नजरेवर कोल्हापूरच्या वास्तववादी परंपरेचा संस्कार आहे. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर यांच्यामुळे चित्र म्हणजे हुबेहूबपणा, हे आपल्याकडे घराघरात रुजलंय. अशा शहरात तुम्ही अमूर्त, म्हणजे ओळखीचा आकार न दाखवणाऱ्या चित्रांचं एकल प्रदर्शन भरवणार आहात. बरेचजण असं चित्र फोटोत नाही, तर समोरासमोर पहिल्यांदाच बघणार. त्यातला एखादा माणूस एका चित्रासमोर दोन मिनिटं थांबला तर प्रदर्शन जमलं, असं मी मानतो. खाली सांगितलेली तयारी, हुकापासून बाकड्यापर्यंत सगळी, त्या दोन मिनिटांसाठी आहे.

आधी चित्रं, मग हॉल

हॉल बुक केला की चित्रं आपोआप होतील, अशा भरवशावर राहू नका. निदान वर्षभराचं काम हाताशी असू द्या. लावायची आहेत त्याच्या दीडपट तरी चित्रं हवीत, म्हणजे निवड करता येते. सगळी एका खोलीत भिंतीला टेकवून ओळीनं उभी करा, फोनवर फोटो काढा आणि ते फोटो कृष्णधवल करून बघा. रंग निघून गेले की चित्राचा सांगाडा दिसतो. गडद-फिकट कुठे आहे, वजन कुठल्या कोपऱ्यात पडलंय, दोन चित्रं एकमेकांची नक्कल तर करत नाहीत ना, हे तिथे कळतं. मग चित्रं आठवडाभर भिंतीकडे तोंड करून ठेवा आणि एकेक पुन्हा फिरवा. पुन्हा बघताना ज्याच्यासमोर तुम्ही स्वतःच थांबत नाही, ते बाजूला काढा. ते विकलं जाईल असं मित्र म्हणत असले तरीही.

किती लावायची याचं गणित सोपं आहे. समजा हॉल ३० बाय २० फुटांचा आहे. चारी भिंतींची लांबी १०० फूट. त्यातून दारं, खिडक्या, स्विचबोर्ड, स्टेज यांचे २५ फूट वजा करा. उरले ७५. चित्र सरासरी ३ फूट रुंद आणि दोन चित्रांमध्ये २ फूट मोकळी भिंत धरली, तर १५ चित्रं बसतात. तिथे सतरावं, अठरावं घुसवायचा मोह होतो. तो आवरा. अमूर्त चित्राला ओळखीच्या आकाराचा आधार नसतो. शेजारचं चित्र कडेनं डोळ्यात शिरलं की दोन्ही बिघडतात. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे वर्षाला मोजकेच कॅनव्हास पूर्ण करायचे. पंधरा चित्रं कमी वाटली तर हे आठवा.

तैलरंगात काम करत असाल तर शेवटचं चित्र प्रदर्शनाच्या निदान दोन-अडीच महिने आधी हातावेगळं करा. जाड थर वरून कोरडा लागला तरी आत ओला असतो, आणि टेंपोत दुसऱ्या चित्राला घासला की दोन्ही जातात. ॲक्रिलिक तासाभरात वाळतं, पण त्याची वेगळी खोड आहे, ती पुढे येईलच.

तारीख

जुलै-ऑगस्ट नको. पाऊस लागला की सांगलीकर एकमेकांना एकच प्रश्न विचारतात, "आयर्विनला किती फूट?" कृष्णेवरच्या या आयर्विन पुलापाशी ४५ फुटांवर धोक्याची पातळी आहे, आणि २००५ व २०१९ चा महापूर पाहिलेल्या माणसाला त्या दिवसांत चित्रांचं निमंत्रण देणंही बरं नाही. शिवाय दमट हवेत कॅनव्हास ढिला पडतो आणि कागदावरच्या कामाला बुरशी धरते. तुमची चित्रं गावभागात किंवा नदीकाठच्या तळमजल्यावर असतील तर जूनमध्येच वरच्या मजल्यावर हलवा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, दुपारी कुणी घराबाहेर पडत नाही. मार्च परीक्षांचा. डिसेंबर ते फेब्रुवारीचा मध्य, हेच सगळ्यात चांगले दिवस. गुरुवारी सुरू करून रविवारी रात्री संपवा. शनिवार-रविवार येणाऱ्यांना गुरुवार-शुक्रवारी आलेल्यांनी सांगितलेलं असतं.

हॉल बघायला संध्याकाळी जा

शाळा-कॉलेजचा हॉल, वाचनालयाचं सभागृह, नाट्यगृहाची लॉबी, मंगल कार्यालयाचा वरचा मजला, यातलं काहीही चालतं. नाट्यगृहाच्या लॉबीचा मोठा फायदा म्हणजे नाटकाला आलेला माणूस मध्यंतरात तिथे येतोच. तोटा असा की तो हातात वडा आणि चहाचा कप घेऊन येतो. तिथे चित्रांपुढे तीन-चार फुटांवर दोरी बांधायची परवानगी आधीच मागून ठेवा.

हॉल एकदा दुपारी आणि एकदा दिवे लागल्यावर बघा. दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन कुठल्या भिंतीवर पडतं ते टिपून ठेवा. त्या भिंतीवर चित्र लावायचं नाही. व्यवस्थापकाला तीन गोष्टी विचारा. भिंतीत ड्रिल चालेल का, आदल्या रात्री हॉल ताब्यात मिळेल का, आणि वीज गेली तर काय. आदली रात्र मिळत नसेल तर तो हॉल सोडून द्या. सकाळी उद्घाटन आणि पहाटे टांगणी, यात कुठलंच चित्र धड लागत नाही.

ड्रिल चालत नसेल तर मंडपवाल्याकडून पॅनेल घ्यावे लागतात. त्याला स्पष्ट सांगा: प्लायचे पॅनेल, वर पांढरं किंवा फिकट राखाडी साधं कापड, ताणून ठोकलेलं. चुण्यांचं साटीन नको, झालर नको. तो भला माणूस असतो आणि कार्यक्रमाची शोभा वाढावी म्हणून झालर स्वतःहून लावून देतो. म्हणून पॅनेल लागताना तिथे उभे राहा.

चित्राची मागची बाजू

प्रत्येक चित्राच्या मागे नाव, क्रमांक, वर्ष, माध्यम, इंचात माप आणि वरच्या दिशेला मोठा बाण काढा. या बाणाकडे नवे चित्रकार दुर्लक्ष करतात. डच अमूर्त चित्रकार पीट मॉन्ड्रियानचं १९४१ चं रंगीत चिकटपट्ट्यांचं एक चित्र जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संग्रहात १९८० पासून आहे. ते इतकी वर्षं उलटं टांगलेलं असावं, हे तिथल्याच क्युरेटर बाईंनी २०२२ मध्ये सांगितलं. पट्ट्या आता इतक्या नाजूक झाल्यात की ते फिरवायचीही सोय राहिली नाही. तिथे हे घडतं, तर रात्री अकरा वाजता तुमच्या मदतीला आलेल्या मावसभावाला वर-खाली कसं कळणार?

मागे दोन्ही बाजूंना डी-रिंग (इंग्रजी ‘डी’च्या आकाराची कडी), त्यात वेणीची तार किंवा जाड नायलॉन दोरी, जरा ताणून. तीन फुटांपेक्षा मोठ्या चौकटीला मध्ये आडवी पट्टी हवीच, नाहीतर लाकूड वाकतं. कॅनव्हास ढिला वाटला तर कोपऱ्यातल्या लाकडी पाचरी हलक्या हातानं ठोका. फ्रेमवर फार पैसे घालू नका. कॅनव्हासला बारीक लाकडी पट्टी पुरते. सोनेरी नक्षीची फ्रेम अमूर्त चित्राला मारून टाकते. कागदावरच्या कामाला मात्र काच आणि माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) लागतो, तिथे काटकसर करू नका.

छोटा हत्ती

सांगलीतल्या सांगलीत चित्रं न्यायला छोटा हत्ती पुरतो. चित्रं उभी ठेवायची, आडवी एकावर एक कधीच नाही. तोंडाला तोंड, पाठीला पाठ, मध्ये पुठ्ठा, कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे त्रिकोण. आता ॲक्रिलिकची खोड: उन्हात ते मऊ पडतं आणि बबल रॅपला चिकटतं. रॅप काढला की रंगावर गोल गोल ठसे उमटलेले दिसतात. म्हणून आधी बटर पेपर, मग बबल रॅप. दोरी चौकटीवरून जाऊ द्या, कॅनव्हासवरून नको. प्रवासात मागून खड्डा पडलाच तर पाठीमागून पाण्याचा अगदी हलका फवारा मारा. वाळताना कापड आखडतं आणि खड्डा बराचसा भरून येतो.

टांगणी

चित्राचा मध्यबिंदू जमिनीपासून ५८ इंचांवर ठेवा. आपल्याकडे सगळी चित्रं देवाच्या तसबिरीसारखी फार वर लावायची सवय आहे, आणि मग माणूस मान वर करून एक नजर टाकतो आणि पुढे जातो. हिशेब असा: चित्राची उंची ३६ इंच असेल तर निम्मी १८. तार ताणून धरली की तिचं वरचं टोक चित्राच्या वरच्या कडेपासून समजा ४ इंच खाली येतं. ५८ मध्ये १८ मिळवा, ४ वजा करा. हूक ७२ इंचांवर. प्रत्येक चित्रासाठी हा आकडा आदल्या दिवशी घरी काढून मागे पेन्सिलीनं लिहून ठेवा. एका तारेवर एकच हूक असेल तर चित्र दिवसभरात तिरकं होत जातं. दोन हूक वापरा. सरळ आहे की नाही हे डोळ्यांवर सोडू नका, गवंडी वापरतो ती लेव्हल जवळ ठेवा.

क्रम कसा लावायचा? आधी सगळी चित्रं खाली जमिनीवर, भिंतीला टेकवून मांडा. दारातून आत आल्यावर समोर जी भिंत दिसते तिच्यावर सगळ्यात मोठं किंवा सगळ्यात शांत चित्र असावं. भडक चित्र समोर लावलं की माणूस दारातूनच "अच्छा, असं असं" म्हणतो. मग त्याच्या शेजारी काय चालतं ते फिरवून फिरवून बघा. यात मध्यरात्र होते. होऊ द्या. एकल प्रदर्शन म्हणजे पंधरा वेगळी चित्रं मांडणं एवढंच नाही. एका चित्रातला रंग दुसऱ्यात कुठे परत भेटतो, हे चालणाऱ्या माणसाला जाणवलं पाहिजे, आणि ते फक्त या रात्रीच ठरवता येतं.

प्रकाशाचं थोडक्यात. एलईडीचे फिरते स्पॉट भाड्यानं मिळतात, ते ४००० केल्विनच्या (प्रकाशाच्या छटेचं माप) आसपासचे आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वरचे मागा, नाहीतर तांबडा विटकरी दिसतो. दिवा चित्रावर वरून साधारण ३० अंशांच्या कोनात पडू द्या. वॉर्निश चकाकत असेल तर कोन बदला. हॉलमधली ट्यूब बंद करता आली तर उत्तम.

पाट्या, शीर्षकं, निवेदन

पाटी उजवीकडे खाली, छोटी, मराठीत: क्रमांक, शीर्षक, माध्यम, माप, वर्ष. किंमत वेगळ्या कागदावर. शीर्षक सुचत नसेल तर क्रमांक पुरतो. ‘अंतर्मनाचा प्रवास’ किंवा ‘ब्रह्मांडाचं स्पंदन’ असलं काही लिहू नका. ते वाचलं की माणूस चित्रात अंतर्मन शोधत बसतो आणि समोरचा रंग बघत नाही. दाराजवळच्या निवेदनालाही हेच लागू आहे. दीडशे शब्द पुरतात. कुठले रंग वापरता, कशानं लावता, एक चित्र किती थरांत होतं, कशापाशी थांबता, हे लिहा. वाचणारा माणूस हळद निवडणारा व्यापारी असो की भाव्यांच्या नाट्यगृहात पन्नास वर्षं नाटकं बघितलेले काका, हाताच्या कामाची भाषा दोघांना कळते.

किंमत

दर चौरस इंचामागे एकच दर ठरवा आणि सगळ्या चित्रांना लावा. २४ बाय ३६ म्हणजे ८६४ चौरस इंच; दर १५ रुपये धरला तर १२,९६०, म्हणजे १३,००० लिहा. जीव अडकलाय म्हणून एका चित्राला तिप्पट किंमत लावू नका. ते विकायचं नसेल तर सरळ ‘विक्रीसाठी नाही’ लिहा. घरी आलेल्याला जी किंमत सांगाल तीच इथे, आत्याच्या मुलालाही तीच. सांगलीत बातमी दुपारपर्यंत विश्रामबागेतून राजवाडा चौकात पोचते. विकलेल्या चित्राच्या पाटीवर लाल टिकली लावा. निम्मी रक्कम आगाऊ घ्या, पावती द्या, आणि चित्र प्रदर्शन संपल्यावरच सोपवा. राज्यातल्या राज्यात वर्षाची एकूण विक्री ४० लाखांच्या आत असेल तर वस्तूंच्या विक्रीसाठी जीएसटी नोंदणी लागत नाही. दुसऱ्या राज्यात चित्र जाणार असेल तर मात्र कर सल्लागाराला आधी विचारा.

बोलावणं आणि उद्घाटन

व्हॉट्सॲपवर पत्रिका पाठवाच, पण शाळांतल्या चित्रकला शिक्षकांना स्वतः जाऊन भेटा. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षांना बसणारी मुलं त्यांच्याच हाताखाली असतात. एक शिक्षक आले की मागे तीस मुलं येतात, आणि संध्याकाळी त्यांतली काही आईवडिलांना घेऊन परत येतात. वर्तमानपत्रांच्या जिल्हा आवृत्त्यांना चार दिवस आधी दीडशे शब्दांची बातमी आणि एक नीट काढलेला फोटो द्या. फोटो कशाही दिशेनं छापला जाऊ नये म्हणून त्यावरही बाण. कोल्हापूर पन्नासेक किलोमीटरवर आहे, तिथल्या चित्रकारांना बोलवा. ते येतात.

उद्घाटनाला आपल्या जुन्या चित्रकला सरांना किंवा बाईंना बोलवा. भाषण एकच, छोटं. समई चित्रांपासून दूर, उदबत्ती नको. काजळी कॅनव्हासवर बसली की निघत नाही.

चार दिवस तिथे बसणं

इथे खरं काम सुरू होतं, आणि नवे चित्रकार इथेच कंटाळतात. एखाद्या भाच्याला बसवून चहाला जाऊ नका. तुम्ही स्वतः असायला हवं.

हॉलच्या मध्यभागी एक साधं बाकडं ठेवा, मोठ्या चित्राकडे तोंड करून. माणसं भिंतीकडेनं चालत जातात आणि पाच मिनिटांत बाहेर पडतात. बसायला जागा दिसली की थांबतात. एका कोपऱ्यात टेबलावर तुमची हत्यारं मांडा: रोलर, पॅलेट नाइफ, घासणीचा कागद, सुकलेली रंगाची वाटी. शेजारी एक फूटभर लांबीचा कॅनव्हासचा तुकडा. डाव्या टोकाला नुसता जेसो (रंगाआधी देतात तो पांढरा लेप), पुढे पहिला पातळ थर, पुढे दुसरा, पुढे रोलरनं फिरवलेला, शेवटी खरवडून खालचा पिवळा वर काढलेला. त्यावर लिहा, ‘हात लावा.’ लोक त्यावरून बोट फिरवतात, खरवडलेल्या जागी नख अडकतं, आणि मग भिंतीवरच्या चित्राकडे परत जाऊन जवळून बघतात. शंभर ओळींच्या निवेदनानं जे होत नाही ते या तुकड्यानं होतं.

आलेल्या माणसावर लगेच झडप घालू नका. त्याला एक फेरी मारू द्या. मग तो स्वतःच विचारेल, "यात काय आहे?" या प्रश्नाला दोन उत्तरं चुकीची आहेत. "तुम्हाला जे दिसतं ते" असं म्हटलं तर त्याला वाऱ्यावर सोडल्यासारखं होतं. "हा आत्म्याचा शोध आहे" असं म्हटलं तर तो मान डोलावतो आणि निघतो. त्यापेक्षा चित्र कसं झालं ते सांगा. "सुरुवात या खालच्या काळ्या पट्ट्यानं झाली. तो फार जड झाला, म्हणून त्यावर पांढरा रोलर फिरवला. ही कड तेव्हा राहून गेली, ती बरी वाटली, म्हणून तशीच ठेवली." एवढं ऐकल्यावर तो पुढच्या चित्रापाशी स्वतःच विचारतो, "म्हणजे इथे आधी निळा होता का?" हा प्रश्न आला की समजा तो चित्रात शिरला.

सांगलीत पिवळ्या चित्रापुढे हळद आठवणारच. आणि तपकिरी आडवी रेघ असलेल्या चित्रापुढे कुणीतरी गप्प उभं राहून म्हणेल, "एकोणीस साली आमच्या भिंतीवर इथपर्यंत आलं होतं." तुम्ही ती रेघ काढताना पूर मनात नसेलही. "नाही, तसं काही नाही" म्हणून त्यांना तोडू नका, आणि "हो, पुराचंच आहे" असं खोटंही बोलू नका. ऐका. पाणी उतरल्यावर रेघ कशी दिसायची, तिचा रंग कसा होता, विचारा. रेघेखाली भिंत फुगली होती आणि वर कोरडी होती, असं सांगणारा माणूस पोत आणि रंग यांबद्दलच बोलत असतो.

"हे सगळं परदेशातलं," असंही ऐकावं लागतं. तेव्हा माहिती द्या, वाद नको. अमूर्त चित्रं काढणारे आपलेच: गायतोंडे नागपूरला जन्मले, अंबादास खोब्रागडे अकोल्याला, प्रभाकर कोलते सिंधुदुर्गातल्या नेरूरपारचे. साताऱ्याजवळच्या औंधच्या संग्रहालयात शाळेच्या सहलीला गेलेल्यांना रविवर्म्याची चित्रं आठवतात. तिथेच हेन्री मूरचं दगडातलं माय-लेकरू आहे, नाक-डोळे हुबेहूब न कोरता घडवलेलं. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेल्या त्या संग्रहालयात दोन्ही नांदतात. मिरजेच्या गाणं ऐकणाऱ्यांना तर एवढंच विचारावं: आलापीत शब्द नसतात, तरी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृती संगीत सभेला तुम्ही रात्रभर बसता ना? मग या चित्रासमोर एक विलंबित होईपर्यंत बसा.

"माझा नातूही हे काढेल," असं कुणी म्हणालं तर नातवाला घेऊन यायला सांगा. मनापासून सांगा. मुलं फार छान बघतात, आणि आजोबा दुसऱ्यांदा येतात.

अभिप्रायाच्या वहीत नुसतं पान कोरं ठेवलं तर ‘छान’, ‘अप्रतिम’, ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’ एवढंच जमतं. पानाच्या वर लिहा, ‘कुठल्या क्रमांकापाशी थांबलात? का?’ ही वही नंतर कुठल्याही परीक्षणापेक्षा जास्त शिकवते. लोक बऱ्याचदा तुमच्या लाडक्या चित्रापाशी न थांबता कोपऱ्यातल्या लहान चित्रापाशी थांबलेले असतात.

उतरवल्यावर

उतरवण्याआधी रिकाम्या हॉलमध्ये प्रत्येक भिंतीचा समोरून फोटो काढा. कोल्हापूरच्या शाहू स्मारकातल्या कलादालनात किंवा पुण्यात अर्ज करताना हेच फोटो कामाला येतात. मुंबईच्या जहांगीर कलादालनात तारीख मिळायला वर्षं जातात, म्हणून तिथला अर्ज आत्ताच करून ठेवा. हूक काढलेली भोकं पुट्टीनं बुजवून हॉल परत करा, पुढच्या चित्रकाराला तो मिळेल.

विकलेलं चित्र स्वतः पोचवा आणि स्वतः लावून द्या. पावसाची झड बसणारी बाहेरची भिंत टाळा. दुसरी भिंत नसेलच तर मागच्या चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे हवा खेळते आणि ओल कॅनव्हासपर्यंत येत नाही. सकाळचं ऊन येणारी खिडकी समोर नको. धूळ कोरड्या मऊ कपड्यानं, ओलं फडकं नाही. हे सगळं एका कागदावर लिहून, खाली तुमचा फोन नंबर घालून, घरच्यांच्या हातात द्या.